स्कायरिम: स्मिथिंग ५२ झालंय तरी आगीची तलवार सुधारता येत नाहीये, क्राफ्टिंग नक्की कसं चालतं?

नदीकाठचा_ड्रॅगनबॉर्न

नमस्कार मंडळी, स्कायरिम हा गेम पहिल्यांदाच खेळतोय, स्पेशल एडिशन आहे, मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल) एकही टाकलेला नाही. लेव्हल २१ आहे, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ढाल आणि अंगावर हेवी आर्मर असा साधा योद्धा आहे. स्मिथिंग (लोहारकाम) ५२ झालंय, एन्चांटिंग (वस्तूंवर जादू घालणं) २४, अल्केमी (औषधं बनवणं) १९. पर्क (लेव्हल वाढली की पॉइंट देऊन घ्यायच्या खास क्षमता) घेतलेत ते स्टील स्मिथिंग आणि ड्वार्व्हन स्मिथिंग.

आता अडचण अशी की एका बॅरोमध्ये (जुन्या थडग्यात) ऑर्किश तलवार मिळाली, तिच्यावर आगीचं एन्चांटमेंट आहे, मस्त वाटली म्हणून व्हाइटरन शहरात येऊन ग्राइंडस्टोनवर (धार लावायच्या दगडावर) लावायला गेलो तर ती यादीत दिसते पण सुधारताच येत नाही, करड्या रंगात राहते. साधी स्टीलची तलवार लगेच सुधारते. मग मला वाटलं ऑर्किश पर्क नाही म्हणून असेल, लेव्हल वाढली की तो घेऊ का? ५० लागतं, ते तर झालंय.

दुसरं म्हणजे तिन्ही क्राफ्टिंगमधलं आधी काय वाढवायचं? यूट्यूबवर एक जण म्हणतो नुसते लोखंडी खंजीर बनवत बस, दुसरा म्हणतो आता ते चालत नाही. आणि अल्केमी तर डोक्यावरूनच जातंय, पिशवीत ढीगभर पानं फुलं आहेत, काय कशात मिसळायचं काही कळत नाही, दोन गोष्टी टाकल्या की बहुतेक वेळा वाया जातात.

ड्रॉगर (थडग्यांतली चालती मढी) आता जाम मारायला लागलेत, म्हणून विचारतोय. शेवटी डेड्रिक आर्मर बनवायचं डोक्यात आहे पण तोपर्यंत जगलो तर ना. जरा नीट समजावून सांगा, स्पॉइलर स्टोरीचे नकोत, बाकी चालतील.

---

ऐरण_आणि_हातोडा

आधी तलवारीचं सांगतो. ऑर्किश पर्कचा इथे संबंध नाहीये. एन्चांटमेंट असलेली कुठलीही वस्तू सुधारायची असेल तर आर्केन ब्लॅकस्मिथ नावाचा पर्क लागतो आणि तो स्मिथिंग ६० ला मिळतो, त्याआधी फक्त स्टील स्मिथिंग घेतलेलं असलं की पुरतं. म्हणजे तुला आणखी ८ पॉइंट हवेत. तोपर्यंत ती तलवार करडीच राहणार, धातू कुठलाही असो.

पण थांब, त्याहून महत्त्वाची गोष्ट. ही अट फक्त आधीपासून जादू असलेल्या वस्तूला आहे. साधी तलवार आधी ग्राइंडस्टोनवर सुधारलीस आणि मग एन्चांट केलीस तर कुठलाही पर्क लागत नाही, केलेली सुधारणा तशीच टिकते. म्हणजे क्रम असा, आधी बनव, मग धार लाव, मग जादू घाल. उलटं केलंस की अडकतोस.

आणि आता तुझ्या केसमध्ये गंमत बघ. या गेममध्ये नाव भारदस्त म्हणजे शस्त्र भारी असं नसतं. मूळ डॅमेज एका हाताच्या तलवारींचं असं आहे: लोखंड ७, स्टील ८, ऑर्किश ९, ड्वार्व्हन १०, एल्व्हन ११, ग्लास १२, एबनी १३, डेड्रिक १४. म्हणजे ड्वार्व्हन तलवार ऑर्किशपेक्षा वरचढ आहे आणि ड्वार्व्हनचा पर्क तुझ्याकडे ऑलरेडी आहे! ऑर्किशचा पर्क घेऊन फायदा आहे तो आर्मरला, तलवारीला नाही.

पर्कने काय होतं तेही सांगतो कारण हे गेम कुठेच नीट सांगत नाही. त्या त्या धातूचा पर्क असेल तर सुधारणा दुप्पट होते. वस्तूच्या पुढे कंसात फाइन, सुपीरिअर, एक्सक्विझिट, फ्लॉलेस, एपिक, लेजेंडरी असं येतं ना, त्यासाठी पर्क असेल तर स्मिथिंग अनुक्रमे १४, २२, ४०, ५७, ७४, ९१ लागतं. पर्क नसेल तर तेच १४, ३१, ६५, १००, १३४, १६८. आता बघ, तुझं ५२ आहे, ड्वार्व्हन तलवार तू आजच एक्सक्विझिट करू शकतोस, आणि ती ऑर्किश तलवार जादू नसती तरीसुद्धा सुपीरिअरच्या पुढे गेली नसती.

तर मी काय केलं असतं: ती आगीची ऑर्किश तलवार आर्केन एन्चांटरवर (जादू घालायच्या टेबलावर) नेऊन डिसएन्चांट करून टाकायची. तलवार जाते पण आगीचं एन्चांटमेंट तुला कायमचं येतं. मग ड्वार्व्हन तलवार बनवायची, सुधारायची, आणि तिच्यावर आग लावायची. एन्चांटिंग २४ असल्यामुळे तुझी आग त्या मूळ तलवारीपेक्षा थोडी कमी जळेल हे खरं आहे, पण ती पुढे वाढवता येते आणि दुसऱ्या कशावरही लावता येते. ऑर्किश तलवार मात्र तिथेच थांबलेली आहे.

लोखंडी खंजिरांचं म्हणशील तर सुरुवातीला ते खरंच होतं, एक लोखंडाची वीट आणि एक चामड्याची पट्टी की खंजीर तयार, आणि प्रत्येक वस्तूला जवळपास सारखाच अनुभव मिळायचा. नंतर १.५ च्या पॅचमध्ये वस्तूच्या किमतीचा हिशोब आला. आता महाग वस्तू बनवली की स्किल जास्त वाढतं. खंजीर बनवत बसलास तर लोखंड आणि वेळ दोन्ही जातील.

---

झाडपाला

वरचं सगळं बरोबर आहे, पण अल्केमीबद्दल कुणीच सविस्तर लिहीत नाही म्हणून मी लिहितेय, कारण माझ्या मते या तिघांतलं सगळ्यात दणकट स्किल तेच आहे आणि लोक सगळ्यात शेवटी हात लावतात त्याला.

नियम एवढाच आहे. प्रत्येक घटकाचे चार गुण असतात. दोन घटकांत एक तरी गुण सारखा असेल तरच औषध बनतं, नाहीतर दोन्ही वाया. तीन घटकांपर्यंत टाकता येतात, तीन टाकले आणि दोन दोनमध्ये वेगवेगळे गुण जुळले तर एकाच बाटलीत दोन तीन परिणाम मिळतात आणि किंमत वाढते. किंमत वाढली की स्किलही वाढतं, कारण इथेही अनुभव बाटलीच्या किमतीवरच ठरतो. म्हणून स्वस्त बाटल्या शंभर बनवण्यापेक्षा महागड्या थोड्या बनव.

गुण कळायचे कसे? एक म्हणजे सरळ खाऊन बघायचं. घटक खाल्ला की पहिला गुण कळतो. पहिलाच, बरं का, बाकीचे तीन कळत नाहीत (५० ला एक्सपेरिमेंटर पर्क मिळतो, त्याने जास्त कळतात, पण त्याच्यावर पॉइंट घालवू नकोस, मिसळूनही कळतात). दुसरं म्हणजे मिसळून बघायचं, यशस्वी झालं की जुळलेला गुण दोन्हीत नोंदवला जातो. आणि एकदा कळलेला गुण कायम दिसतो, अल्केमी लॅबवर उभं राहिलं की यादीत कशाला काय ते दिसतं.

तुझ्या पिशवीत निळं माउंटन फ्लॉवर आणि गहू नक्की असतील, ते दोन्ही मिसळ. रिस्टोअर हेल्थ (हेल्थ भरून काढणं) आणि फॉर्टिफाय हेल्थ (हेल्थ वाढवणं) दोन्ही एकाच बाटलीत मिळतात. व्हाइटरनच्या बाहेर शेतात गहू उभाच आहे, तो तोडला तर चोरीही होत नाही. सुरुवातीसाठी यापेक्षा सोपं काही नाही.

पुढची पायरी म्हणजे जायंट्स टो. जायंट मारला की त्याच्याकडे अंगठा मिळतो, तो गहू आणि क्रीप क्लस्टर बरोबर मिसळला की बाटलीची किंमत एकदम वर जाते. क्रीप क्लस्टर आणि गहू दोन्ही हार्थफायरच्या (गेममधल्या घर बांधायच्या भागाच्या) बागेत लावता येतात. त्यासाठी फॉकरीथजवळ लेकव्ह्यू मॅनॉरची जागा ५००० नाण्यांना मिळते. अंगठा मात्र लावता येत नाही, त्याला जायंटच मारावा लागतो :) तुझ्या ढालीवाल्या योद्ध्याला ते जरा जड जाईल, पण कॅम्पपासून दूर राहून धनुष्याने, उंच दगडावर उभं राहून जमतं. जायंट वर चढत नाही.

आणि तुझ्यासाठी खास दोन मिश्रणं लिहून ठेव.

स्मिथिंग वाढवणारं: ब्लिस्टरवर्ट, ग्लोइंग मशरूम, सेबर कॅटचा दात, यातले कुठलेही दोन. पहिले दोन गुहांमध्ये भिंतीवर, जमिनीवर सापडतात.

एन्चांटिंग वाढवणारं: निळ्या फुलपाखराचे पंख आणि स्नोबेरी. बस, एवढ्या दोन गोष्टी. फुलपाखरं दिवसा उडतात तेव्हा पकडायची, स्नोबेरी थंड भागात रस्त्याच्या कडेला मिळते. स्नोबेरी खाल्लीस तर पहिला गुण आगीपासून बचाव दिसेल, एन्चांटिंगचा गुण मिसळल्याशिवाय कळत नाही, म्हणूनच बऱ्याच जणांना ती फालतू वाटते आणि विकून टाकतात.

दोन्ही औषधं अर्धा मिनिटच टिकतात, म्हणून ग्राइंडस्टोनपाशी किंवा टेबलापाशी उभं राहूनच प्यायची.

---

मॅमथच्या_मागे

एन्चांटिंगबद्दल मी भर घालतो.

डिसएन्चांट केलं की वस्तू नष्ट होते पण गुण शिकतोस हे वर आलंच. म्हणून दुकानात किंवा मढ्याजवळ कुठलीही नवी जादू दिसली, वस्तू कितीही टाकाऊ असली तरी एकदा उचल. चामड्याच्या हातमोज्यांवरही काहीतरी चांगलं असू शकतं. तुला सगळ्यात उपयोगाचं आहे ते फॉर्टिफाय स्मिथिंग आणि फॉर्टिफाय अल्केमी. हे दोन्ही दुकानात वेळोवेळी येत राहतात, दागिन्यांवर जास्त. दुकानांचा माल आणि पैसे ४८ तासांनी नवे होतात, तेव्हा फेरी मारत राहा.

सोल जेम म्हणजे मारलेल्या प्राण्याचा आत्मा (सोल) साठवायचा दगड, जादू घालायला तो लागतो, त्याचं गणित समजून घे. पेटी, लेसर, कॉमन, ग्रेटर, ग्रँड असे मोठे होत जाणारे दगड. प्राण्याची लेव्हल १ ते ३ असेल तर पेटी सोल, ४ ते १५ लेसर, १६ ते २७ कॉमन, २८ ते ३७ ग्रेटर, ३८ आणि वर ग्रँड. लहान सोल मोठ्या दगडात बसतो आणि दगड वाया जातो, आणि लहान दगड पिशवीत उरला नसेल तर नेमकं तेच होतं, म्हणून लहान दगडही जवळ ठेवायचे. माणसांचे सोल फक्त ब्लॅक सोल जेममध्ये जातात आणि ते नेहमी ग्रँडच असतात.

ग्रँड सोल कुठून आणायचे? मॅमथ. मॅमथ ३८ लेव्हलचा असतो म्हणजे नेहमी ग्रँड. व्हाइटरनच्या आजूबाजूच्या मैदानात फिरत असतात, फक्त जवळ जायंट असतो ते लक्षात ठेव, आणि झाडपाला म्हणाल्या तसं तोही अंगठा देतो.

सोल पकडायला स्पेल कशाला, आयर्नबाइंड बॅरोमध्ये स्टीलची एक दोन हातांची कुऱ्हाड मिळते, तिच्यावर फायरी सोल ट्रॅप आहे. ती डिसएन्चांट केलीस की आग आणि सोल ट्रॅप एकाच जादूत मिळतात, आणि ती तुझ्या ड्वार्व्हन तलवारीवर लावायची. आता मारलेला प्रत्येक प्राणी दगडात जातो. एन्चांटिंग चालवायचं असेल तर माझ्या मते हेच पहिलं काम कर, आधीची आग त्यापुढे काहीच नाही.

आणखी एक, स्किल वाढवायला मोठे सोल लागत नाहीत. पेटी सोल वापरून एन्चांट केलं तरी अनुभव तेवढाच मिळतो. म्हणून पेटी सोल सरावाला, ग्रँड सोल स्वतःच्या वस्तूंना. सरावाला वस्तू कुठून? तुझ्याकडे स्मिथिंग आहेच. हॉल्टेड स्ट्रीम कॅम्प नावाचा डाकूंचा तळ आहे व्हाइटरनच्या उत्तरेला, तिथल्या खाणीत ट्रान्सम्यूटचं पुस्तक मिळतं, त्याने लोखंडाचं खनिज चांदीचं होतं आणि चांदीचं सोन्याचं. त्याच खाणीत लोखंडाच्या शिरा पण आहेत. सोन्याचे दागिने बनवायला कुठलाही पर्क लागत नाही, ते बनवले की स्मिथिंग वाढतं, त्याच दागिन्यांवर पेटी सोलने काहीतरी लावलं की एन्चांटिंग वाढतं, विकले की पैसे. एकाच सोन्यातून तीन कामं.

---

उत्तरेचा_वारा

मला वरच्या सगळ्यांपेक्षा थोडं वेगळं म्हणायचंय आणि ते मनापासून म्हणतोय कारण नवीन माणूस आहे.

या गेममध्ये कुठलंही स्किल वाढलं की तुझी एकूण लेव्हल वाढते, आणि लेव्हल वाढली की डाकू, ड्रॉगर, ड्रॅगन सगळे तुझ्या मागोमाग तगडे होतात. भट्टीपुढे बसून स्मिथिंग १०० केलंस, एन्चांटिंग १०० केलंस, म्हणजे लेव्हल झाली पस्तीस चाळीस, पण एका हाताची तलवार चालवायचं स्किल आणि ब्लॉक अजून तिथेच. मग बाहेर पडल्यावर ड्रॉगर डेथ ओव्हरलॉर्ड भेटतो. तुझ्या ड्रॉगरच्या त्रासाचं कारण हेच असू शकतं, स्मिथिंग ५२ आहे पण लढाईची स्किल्स किती आहेत ते तू लिहिलंच नाहीस.

शिवाय प्रत्येक लेव्हलला पर्क पॉइंट एकच. ऑर्किश, एबनी, डेड्रिक अशी साखळी करून डेड्रिकपर्यंत जायचं म्हणजे नुसत्या धातूंवरच किती पॉइंट गेले बघ. स्टील, ड्वार्व्हन, ऑर्किश ५० ला, एबनी ८० ला, डेड्रिक ९० ला. त्या बदल्यात वन हँडेडमध्ये आणि हेवी आर्मरमध्ये घातले असते तर?

मी असं सुचवेन की आर्केन ब्लॅकस्मिथ घे आणि मग स्मिथिंग थांबव. तुझ्या लढाईच्या स्किलबरोबर क्राफ्टिंग हळूहळू येऊ दे. गुहा फिर, वाटेत सापडेल त्याचं बनव. एका जागी उभं राहून तासन्तास ग्राइंड करायला हा गेम नाहीये, हा गेम फिरायला आहे.

---

ऐरण_आणि_हातोडा

@उत्तरेचा_वारा लेव्हलचा मुद्दा मान्य, फक्त भट्टीपुढे बसायचं नाही हे अगदी खरं. पण स्मिथिंग थांबव हे मला पटत नाही आणि त्याचं कारण आकड्यांत आहे.

आर्मरचा हिशोब असा आहे. आर्मर रेटिंगच्या प्रत्येक पॉइंटला ०.१२ टक्के मार कमी होतो, आणि घातलेल्या प्रत्येक तुकड्यामागे आणखी ३ टक्के. मर्यादा ८० टक्के, त्याच्या वर कितीही आर्मर असलं तरी काही फरक पडत नाही. हेल्मेट, चिलखत, हातमोजे, बूट असे चार तुकडे असतील तर ५६७ ला ती मर्यादा गाठली जाते. ढाल धरली तर पाच तुकडे होतात म्हणून ५४२ पुरतं.

समजा आपल्या मित्राचं आत्ता ढालीसकट २५० आहे. २५० ला ३० टक्के, पाच तुकड्यांचे १५, म्हणजे ४५ टक्के मार अडतो आणि ५५ लागतो. ५४२ ला पोचला की २० लागेल. जिथे ५५ लागत होते तिथे २०. लढाईचं स्किल वाढवून एवढा फरक कधी पडणार?

आणि ५४२ ला पोचायला डेड्रिक लागत नाही हा माझा खरा मुद्दा आहे. सगळे जण डेड्रिकच्या मागे लागतात कारण ते दिसायला भारी आहे, पण सुधारणा चांगली झाली तर खालच्या धातूनेही मर्यादा गाठता येते, मग उरलेले पर्क तू म्हणतोस तसे तलवारीत घाल. साधं ड्वार्व्हन किंवा फार तर ऑर्किश आर्मर, त्याच्यावर लेजेंडरी सुधारणा, हेवी आर्मरचे पहिले पर्क, झालं. ऑर्किशचा पर्क मी वर तलवारीसाठी नको म्हणालो होतो, आर्मरसाठी मात्र एक पॉइंट घालायला हरकत नाही, ड्वार्व्हन चिलखत ३४ आणि ऑर्किश ४० आहे.

फक्त एक लक्षात ठेवा, हे सगळं तलवारी, बाण, कुऱ्हाडींसाठी. जादू आणि ड्रॅगनची आग यांना आर्मर अजिबात अडवत नाही. त्यासाठी ढालीवर मॅजिक रेझिस्टन्स लावायचं. म्हणजे परत एन्चांटिंगच.

---

झाडपाला

हो, आणि इथेच तिन्ही एकत्र येतात, तेच मला सांगायचं होतं. प्रत्येक स्किल दुसऱ्याला वर ढकलतं.

फॉर्टिफाय अल्केमी लागतं हेल्मेट, हातमोजे, अंगठी, माळ यांच्यावर. तो सेट घालून एन्चांटिंगचं औषध बनव, ते जास्त ताकदीचं होतं. ते पिऊन फॉर्टिफाय स्मिथिंगचा सेट बनव, चिलखत, हातमोजे, अंगठी, माळ. मग तो सेट घालून वर स्मिथिंगचं औषध पिऊन ग्राइंडस्टोनवर आणि (आर्मर सुधारायच्या) वर्कबेंचवर जा. एन्चांटिंग १०० ला, सगळे पर्क घेऊन, ग्रँड सोल वापरून एकेका वस्तूवर स्मिथिंग २५ टक्के बसतं, चारावर मिळून १०० टक्के, औषधाची भर वेगळीच. पर्कशिवाय लेजेंडरीला लागणारं ते १६८ आठवतंय ना, या मार्गाने तेही पार होतं. म्हणजे ज्या धातूचा पर्क नाही तोही लेजेंडरी. डेड्रिकच्या पर्कची साखळी करायची गरजच उरत नाही.

नवीन मित्रासाठी अर्थातच हे लगेच नाही. पण २५ टक्क्यांची वाट बघायची गरज नाहीये, आज दुकानात फॉर्टिफाय स्मिथिंगची १२, १५ टक्क्यांची अंगठी मिळाली तरी ती घालून सुधारून घे आणि मग काढून ठेव. सुधारणा केल्यावर अंगठी काढली तरी तलवार तशीच राहते.

---

मॅमथच्या_मागे

आणि कुणीतरी रिस्टोरेशन लूप सांगायला येईलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. फॉर्टिफाय रिस्टोरेशनचं औषध प्यायलं, अंगावरची अल्केमीची वस्तू काढून परत घातली की तिचे आकडे वाढतात, मग आणखी ताकदीचं औषध, परत तेच, आणि शेवटी लाखांत डॅमेज. ती गेममधली चूक आहे. अनऑफिशियल पॅच टाकला तर ते बंद होतं, मॉडशिवाय चालतं. पहिल्या खेळात कृपा करून करू नकोस. एका वारात ड्रॅगन मरायला लागला की पुढच्या शंभर तासांत बघायला काही उरत नाही, आणि आकडे फारच मोठे झाले की गेम बंदही पडतो.

---

उत्तरेचा_वारा

लूपबद्दल १००% सहमत.

@ऐरण_आणि_हातोडा ८० टक्क्यांचा हिशोब आणि ऑर्किश, ड्वार्व्हनवर थांबायचा मुद्दा पटला, तोच माझाही आहे, फक्त मी दुसऱ्या बाजूने आलो. माझं म्हणणं एवढंच राहतं की वाढ लढाईच्या बरोबरीने होऊ दे. हेल्गनहून रिव्हरवुडला येताना तीन उभे दगड लागतात ना, त्यातला वॉरिअरचा घेतलास तर स्मिथिंग आणि लढाईची स्किल्स दोन्ही २० टक्के जास्त वेगाने वाढतात. एन्चांटिंगला मेजचा दगड, अल्केमीला थीफचा. कुठल्याही वेळी बदलता येतो. तू बहुतेक वेळ वॉरिअरवरच राहा.

शिवाय एक सोपी गोष्ट कुणी सांगितली नाही. व्हाइटरनला कम्पॅनियन्समध्ये (योद्ध्यांच्या गटात) सामील झालास की त्यांचा लोहार एओर्लंड स्कायफोर्ज स्टीलची शस्त्रं विकतो. त्या तलवारीचं डॅमेज ११ आहे, एल्व्हनइतकं, आणि ती स्टीलच्या विटेने, स्टीलच्या पर्कनेच सुधारते. तुझ्याकडे तो पर्क पहिल्यापासून आहे. ड्वार्व्हनची १० पेक्षा एक जास्तच. त्याच्याकडेच स्मिथिंगचं मास्टर ट्रेनिंगही मिळतं, लेव्हलमागे ५ वेळा.

---

ऐरण_आणि_हातोडा

स्कायफोर्ज! हे माझ्या लिस्टमध्ये राहून गेलं होतं, हे सगळ्यात चांगलं उत्तर आहे त्याच्यासाठी. स्कायफोर्ज तलवार घे, एक्सक्विझिट कर, मग आग लाव. ५७ झालं की फ्लॉलेस आणि ६० ला आर्केन ब्लॅकस्मिथ घेतलास की एन्चांट केलेली तीच तलवार परत परत सुधारता येईल, नवी बनवायची गरज नाही.

---

नदीकाठचा_ड्रॅगनबॉर्न

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार, आजपर्यंत कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

केलं काय ते सांगतो. ऑर्किश तलवार डिसएन्चांट केली (वाईट वाटलं पण केली). कम्पॅनियन्समध्ये गेलो, स्कायफोर्ज तलवार घेतली, एक्सक्विझिट झाली, वर आग लावली. फरक लगेच जाणवला, मघाशी जो ड्रॉगर मला तीन बाटल्या प्यायला लावत होता तो आता एकातच. वन हँडेड ४१ आहे आणि ब्लॉक ३३, उत्तरेच्या वाऱ्याने विचारलं होतं म्हणून. म्हणजे ते बरोबर बोलले, स्मिथिंग पुढे गेलंय आणि लढाई मागे. आता थोडे दिवस भट्टीकडे जाणार नाही, ढाल घेऊन फिरतो.

आर्मर मात्र ड्वार्व्हनचं बनवायचंय आणि विटा पुरत नाहीत. मर्कार्थच्या खालच्या अवशेषात जाऊन आलो, तिथे धातूचे नाना प्रकारचे तुकडे आहेत, सगळे उचलले तर दहा पावलांत वजन जास्त होऊन चालताच येत नाही. सोबतच्या लिडियाला पण भरलं, तिचंही वजन संपलं. नक्की काय उचलायचं आणि काय सोडायचं?

---

मॅमथच्या_मागे

हे सोपं आहे, नावं पाठ कर (ड्वेमर म्हणजे ड्वार्व्हनच). ज्यांचं वजन २ आहे ते तीनच प्रकार घे: बेंट ड्वेमर स्क्रॅप मेटल, लार्ज ड्वेमर प्लेट मेटल, स्मॉल ड्वेमर प्लेट मेटल. या प्रत्येकाच्या स्मेल्टरमध्ये (धातू वितळवायच्या भट्टीत) ३ विटा होतात. म्हणजे २ वजनात ३ विटा. सॉलिड ड्वेमर मेटलच्या ५ विटा होतात पण वजन २५. लार्ज ड्वेमर स्ट्रटच्या ३ विटा, वजन २०. लार्ज डेकोरेटिव्ह स्ट्रटच्या २ विटा, वजन १५. जागा उरली तरच हे घे, आणि घेतलेसच तर सॉलिडच घे.

कॉग, गिअर, लिव्हर, आणि ड्वेमर ताटं वाट्या चमचे हे काहीच वितळत नाही. लोक त्यानेच पिशवी भरतात. सोडून दे सगळं.

---

ऐरण_आणि_हातोडा

मर्कार्थमध्येच स्मेल्टर आहे, अवशेषातून बाहेर आलास की व्हाइटरनपर्यंत ओढत नेऊ नकोस, तिथेच वितळव. एका विटेचं वजन १ असतं, म्हणजे सॉलिडचे तुकडे २५ चे ५ होतात. आणि आर्मर बनवून झालं, विटा उरल्या तर ड्वार्व्हन धनुष्यं बनव, दोन ड्वार्व्हन विटा आणि एक लोखंडाची, किंमत चांगली येते म्हणून स्मिथिंग पटापट वाढतं. ५२ वरून ६० ला जायला फार लागणार नाहीत. चामड्याच्या पट्ट्या मात्र आर्मरला बऱ्याच लागतील, वाटेत लांडगे, हरणं मारलीस की कातडी घेत जा, टॅनिंग रॅकवर एका चामड्याच्या ४ पट्ट्या होतात.